काविळीचं पथ्य

कावीळ झाली की काय खायचं नाही, हे आपल्याकडे प्रत्येकाला पाठ असतं. तेल नाही, तूप नाही, फोडणी नाही. हळद नाही. तुरीचं वरण नाही, कारण ते पिवळं. दूध जड, अंडं-मटणाचं तर नावच काढू नका. काय खायचं असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी म्हणतं, "उसाचा रस." दुसरं कोणी म्हणतं, "लाह्या, फुटाणे, ग्लुकोजचं पाणी." संपली यादी!

या यादीचा इतिहास शोधायचा हे माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं. एक तर तो इतिहास खरोखर मजेदार आहे. दुसरं कारण घरचं आहे, तेही सांगते. नातेवाईक मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही खास विनंती.

आमचं मूळ गाव धाड. बुलढाणा तालुक्यातलं, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळचं. आज ही हद्द म्हणजे रस्त्यावरची एक पाटी. पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बुलढाणा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता आणि पलीकडचं भोकरदन हैदराबाद राज्यात. सोयरिकी दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे, आणि काविळीची औषधं देणारेही दोन्हीकडे. कोणी झाडपाल्याचा रस द्यायचं, कोणी मनगटावर डाग द्यायचं, कोणी माळ घालायचं. ती माळ बघितली आहे ना तुम्ही? बारीक काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेली, डोक्यावर टोपीसारखी ठेवायची. कावीळ 'उतरत' जाईल तशी माळ लांब होत गळ्यात, मग पोटापर्यंत येते. गंमत अशी की ती माळ खुंटीला टांगली तरी लांब होते. ओल्या काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल होतात आणि दोरा सुटत जातो. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पिवळं पाणी निघतं, त्यातही कावीळ नसते. आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला चोळलेला असला की चुना लागताच पाणी पिवळं होतं. हे सगळं अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी गावोगाव करून दाखवलेलं आहे.

तरी माणसं बरी व्हायचीच. का? कारण पावसाळ्यात पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक वेळा आपली आपण बरी होते, चार-सहा आठवड्यांत. या काळात जो कोणी जे काही देईल, श्रेय त्याचं. आणि रोगी दगावला तर? तर पथ्य मोडलं म्हणून! म्हणजे औषध देणारा दोन्हीकडून सुटला. अडकायचं ते घरातल्या बाईनं, कारण पथ्य तिच्या हातात.

आता घरची गोष्ट. माझी आजी आणि तिची धाकटी जाऊ. त्या जावेला आम्ही कोणीच पाहिलं नाही, सगळे तिला 'धाकटी आजी' म्हणतो इतकंच. १९६०च्या दशकातला पावसाळा. तिला सातवा-आठवा महिना होता आणि डोळे पिवळे झाले. घरात ठरलं ते नेहमीचंच. मीठ-भाकरीचा कोरडा तुकडा, लाह्या, आणि पडून राहायचं. दहा-बारा दिवसांत ती वाळून गेली. आजीला ते बघवेना. तिनं सासूच्या नकळत तिला ज्वारीच्या कण्या दिल्या, वर लोण्याचा गोळा. दोन-तीनदा वरणही दिलं. पुढच्या आठवड्यात धाकटी आजी दिवसाला रात्र म्हणू लागली, माणसं ओळखेना, दिवसभर झोपू लागली. गावात म्हणाले, बाहेरचं लागलं. दोन दिवसांत ती आणि पोटातलं बाळ दोघंही गेली.

लोण्याचं मग उघडकीला आलं. पुढची चाळीस वर्षं कुठल्याही लग्नाकार्यात, कुठल्याही भांडणात ते लोणी निघायचं. आजी उत्तर द्यायची नाही. फक्त एकदा, मी कॉलेजात असताना, भाकरी थापता थापता म्हणाली होती, "लेकरू पोटात होतं तिच्या. उपाशी कशी ठेवू मी तिले?"

असो. आता इतिहासाकडे.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. 'पथ्य म्हणजे उपास' ही आपली फार प्राचीन परंपरा आहे असं आपण समजतो. चरकसंहितेत कामला म्हणजे कावीळ आहेच, पांडुरोगाच्या अध्यायात. तिचे दोन प्रकारही सांगितलेत. त्यातल्या एकात शौच वाटलेल्या तिळाच्या पिठासारखं फिकट होतं, कारण पित्ताचा मार्ग अडलेला असतो. आजचा डॉक्टरसुद्धा रोग्याला पहिला प्रश्न हाच विचारतो, की शौचाचा रंग कसा आहे? म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी रोग्याचं भांडं नीट बघत होतं. जलोदराचं, म्हणजे पोटात पाणी होण्याचंही तसंच. पाणी काढल्यावर पोट कापडानं आवळून बांधायचं, पेज द्यायची ती बिनमिठाची, आणि पुढे सहा महिने दुधावर ठेवायचं असं तिथे आहे. मीठ बंद, पण रोगी उपाशी नाही. दूध चालू!

त्याच ग्रंथात उपचाराचे चार पाय सांगितलेत. वैद्य, औषध, रोगी आणि परिचारक. परिचारक म्हणजे शुश्रूषा करणारा हा वैद्याचा हरकाम्या नाही, चारांतला एक पाय आहे. त्याच्या अंगी चार गुण हवेत. शुश्रूषेचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता. आपल्या घरांतून माया उदंड होती. ज्ञान आणि दक्षता कोणी शिकवलीच नाही, त्यांच्या जागी 'वर्ज्य'ची यादी आली.

बरं, हे खेड्यातल्या अडाण्यांचं म्हणून हसण्यासारखंही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या रुग्णालयांतही काविळीचा उपचार म्हणजे बिनतेलातुपाचा आहार आणि कडक विश्रांती. पलंगावरून उतरायचं नाही, कित्येक आठवडे. कोरियाच्या युद्धात हे तपासून बघितलं गेलं. अमेरिकी सैनिकांत काविळीची मोठी साथ होती आणि त्यांना जपानमधल्या लष्करी रुग्णालयात आणलं जायचं. तिथे थॉमस चामर्स नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट पाडले. काही जणांना सक्तीची विश्रांती, काहींना बरं वाटेल तसं हिंडायफिरायची मुभा. काहींना साधं जेवण, काहींना भरपूर प्रथिनांचं, पोटभर. १९५५ साली निष्कर्ष छापून आले. हिंडणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. आणि पोटभर, प्रथिनयुक्त खाणारे लवकर बरे झाले!

म्हणजे धाडमध्ये लोण्यावरून महाभारत घडलं त्याच्या आधीच ही गोष्ट छापून झालेली होती. ती आमच्यापर्यंत आली नाही एवढंच. आमच्याच कशाला, आजही कित्येक शिकलेल्या घरांत ती पोचलेली नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. यकृत हे शरीराचं पेव आहे. आपल्या वऱ्हाडात जमिनीखाली ज्वारी साठवायचे तसं यकृत साखर साठवतं आणि दोन जेवणांच्या मधे, रात्री झोपेत, ती थोडी थोडी रक्तात सोडतं. यकृत सुजलं की पेव रिकामं राहतं. अशा वेळी बाहेरूनही धान्य बंद केलं तर शरीर काय करणार? स्वतःचे स्नायू मोडून खाणार. यकृत कायमचं आकसून निबर झालं, ज्याला सिऱ्होसिस म्हणतात, तर हे फारच लवकर होतं. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर त्याच्या शरीराची जी अवस्था होते, ती अशा रोग्याची एका रात्रीत होते. म्हणून आता त्यांना झोपताना मुद्दाम काहीतरी खायला देतात. आणि पिवळं खाऊन पिवळेपणा वाढत नाही. डोळ्यातला पिवळा रंग बिलिरुबिनचा, तो रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडून तयार होतो. त्याचा हळदीशी काही संबंध नाही. मळमळ असताना तेलकट नको वाटतं हे खरं, तेव्हा देऊ नये. पण नको वाटणं वेगळं आणि विष असणं वेगळं.

मग धाकटी आजी कशानं गेली? तिची रक्ततपासणी कोणी केली नव्हती, त्या काळी तशी तपासणी जगातच नव्हती. पण तिच्या आजाराची हकीकत वाचली की कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात आधी एकच नाव येतं.

डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. नजफगडच्या नाल्याचं मैलापाणी वजिराबादला यमुनेतून पाणी उपसायच्या जागी पोचलं होतं. क्लोरीन टाकलं गेलं, त्यानं विषमज्वराचे जंतू आवरले, पण काविळीचा विषाणू निसटला. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तेव्हाच लक्षात आलं होतं की या साथीत गरोदर बायका इतरांपेक्षा कितीतरी जास्त दगावतात. कारण कळलं नाही. डॉक्टर समजत होते की ही नेहमीचीच 'ए' प्रकारची कावीळ.

त्या रोग्यांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते ही मोठी नशिबाची गोष्ट. 'ए' आणि 'बी' दोन्ही ओळखायच्या चाचण्या आल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी, त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञ यांनी मिळून जुने नमुने तपासले. १९८० साली जाहीर झालं, की ही 'ए' नाही आणि 'बी'ही नाही. त्याच सुमाराला काश्मीरमध्ये १९७८ च्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही हेच सांगितलं. आणि १९८३ मध्ये मिखाईल बालायान नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं कहर केला. अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या शौचाचा गाळलेला अर्क तो स्वतः प्यायला, त्याला कावीळ झाली आणि स्वतःच्याच शौचात त्यानं विषाणूचे कण दाखवले. पुढे या विषाणूला 'हेपटायटिस ई' हे नाव मिळालं. आपल्याकडे कोल्हापुरात १९८१ ला आणि इचलकरंजीत २०१२ ला पाण्यातून आलेली कावीळ पसरली. पहिली अशीच 'ए' नव्हे, 'बी' नव्हे म्हणून नोंदली गेली, दुसरी 'ई'च होती.

या 'ई'चा स्वभाव विलक्षण आहे. इतरांना ती महिना-दीड महिन्यात सोडून जाते. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर मात्र शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. यकृत अचानक काम थांबवतं, विषारी द्रव्यं मेंदूपर्यंत जातात. रात्री जाग, दिवसा झोप, भलतंच बोलणं, ओळख न पटणं, हे त्याचंच. धाकट्या आजीचं झालं ते नेमकं हेच. त्यात लोण्याचा काडीचाही भाग नव्हता. उलट त्या घरात तिला यकृताच्या दृष्टीनं योग्य ते देणारी एकटी माझी आजी होती.

हे मी आजी असताना तिला सांगू शकले नाही, कारण मलाच ते पुढे वाचून कळलं. म्हणून इथे लिहून ठेवते. नातेवाईक मंडळी, लोण्याचा विषय आता बंद करू या.

पण तिला मदत कोण करणार होतं? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स होती! आणि या कामाकडे बघायची दृष्टी तर विचारूच नका. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघालं आणि रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा परक्या माणसांची शुश्रूषा करणं हे चांगल्या घरच्या बाईचं काम नव्हे म्हणून केवढी ओरड झाली. घरात तेच काम फुकट आणि विनाशिक्षण केलेलं चालत होतं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली आणि हळूहळू खेड्यात नर्सबाई दिसायला लागल्या.

आमच्या नात्यातल्या एक मावशी सरकारी रुग्णालयात तीस वर्षं सिस्टर होत्या, त्यातली बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात. मी त्यांना विचारलं, यकृताच्या पेशंटचं नर्सिंग म्हणजे नक्की काय करायचात? त्या म्हणाल्या, "अगं, बघायचं. सारखं बघायचं." रोज सकाळी त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन. बेंबीशी टेप लावून पोटाचा घेर, आणि टेप रोज त्याच जागी यावी म्हणून कातडीवर पेनानं खूण. किती प्यायला, किती लघवी झाली त्याचा तक्ता. आज वार कोणता, जेवलात काय, असं गप्पा मारल्यासारखं विचारायचं. हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगायचे. पाखरानं पंख फडफडवावेत तसे पंजे फडफडले की ताबडतोब डॉक्टरला बोलवायचं. सही करून घ्यायची. कालची सही सरळ आणि आजची वेडीवाकडी, तर काहीतरी बिघडतंय. अंगाला खाज सुटते म्हणून नखं कापायची, कोमट पाण्यानं पुसायचं. झोप येत नाही म्हणाला तरी झोपेची गोळी मनानं द्यायची नाही, अंगदुखीची गोळीही नाही.

"आणि लॅक्टुलोज," त्या म्हणाल्या. "ते दिल्यावर दिवसाला दोन-तीन वेळा पातळसर व्हायलाच पाहिजे, त्यातूनच घाण बाहेर जाते. नातेवाइकांना वाटतं जुलाब लागले, ते बाटली लपवून ठेवतात. मग तिसऱ्या दिवशी पेशंट गुंगीत!" दारूनं यकृत गेलेल्या पेशंटचे हाल त्यांनी सगळ्यात जास्त बघितले. डबा घरून यायचा, त्यात ठेचा, पापड, लोणचं. पोटातल्या पाण्याला वाढवतं ते मीठ, आणि बायका बिचाऱ्या मीठ चालू ठेवून वरण बंद करायच्या. त्यांना रागवायचं नाही, शेजारी बसवून डबा उघडायचा आणि सांगायचं हे काढ, हे ठेव. मावशींच्या मते तीस वर्षांतलं त्यांचं खरं काम हे. अशा पेशंटला प्रथिनं देऊ नयेत असंही एके काळी डॉक्टर सांगत. आता तेही मागे पडलंय. वरण, दूध, दही सगळं द्यायचं, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा.

या कामात धोका त्यांनाही होता. 'बी' प्रकारची कावीळ रक्तातून पसरते आणि सुई बोचली की सिस्टरलाच लागण. उकळून वापरायच्या काचेच्या सिरिंजा त्यांनी हाताळलेल्या. तेव्हा 'बी'ची लस फार महाग होती, १९९७ मध्ये हैदराबादला भारतीय लस तयार झाल्यावर ती आवाक्यात आली. पुढे २०११ पर्यंत देशभरातल्या बाळांच्या लसीकरणात ती आली. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात 'बी' आणि 'सी'ची तपासणी नि औषधं मोफत आहेत. आणि गावात साथ आली की आरोग्यसेविका विहिरीत टीसीएल पावडर पडली का ते बघतात, घरोघरी पाण्याची ओटी टेस्ट करतात. माळ घालणाऱ्यापेक्षा त्या टेस्टनं कितीतरी जास्त जीव वाचतात, पण तिचं कौतुक कोणी करत नाही.

तर मंडळी, घरात कोणाला कावीळ झाली तर एवढं करा. पाणी उकळून द्या, हात साबणानं धुवा. पचेल ते, आवडेल ते घरचं जेवण द्या, दारू पूर्ण बंद. रोग्याला झोप अवेळी येऊ लागली, बोलणं असंबद्ध झालं, हिरड्यांतून रक्त आलं किंवा उलट्या थांबेनात, तर वाट बघू नका, मोठ्या रुग्णालयात न्या. आणि बाई गरोदर असेल तर डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी न्या.

हळदीचं म्हणाल तर वरणात चिमूटभर घाला खुशाल.